एअरबेसवरच्या विमान अपघाताचा रिपोर्ट वाचायचा कसा

एअरबेसवर लढाऊ विमान पडलं की तासाभरात धुराचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि त्याखाली दहा एक्सपर्ट भांडत असतात. तेव्हा काहीच पक्कं धरू नका, मृतांचा आकडासुद्धा नाही. 26 जानेवारी 2015 ला स्पेनमध्ये अल्बासेतेजवळच्या लोस यानोस बेसवर ग्रीसचं एफ-16 पडलं, नाटोचं ट्रेनिंग चालू होतं, पहिल्या दिवशी 10 गेले अशी बातमी होती, नंतर 11 झाले. विमानातले दोघं ग्रीक, जमिनीवरचे नऊ फ्रेंच.

रिपोर्ट आला की थेट 'कारण' लिहिलेल्या पानावर उडी मारू नका, आधी वेळेचा क्रम बघा. कुठली तपासणी कधी झाली आणि ती झाल्यावर टेकऑफपर्यंत मध्ये काय काय घडलं. लोस यानोसची सगळी गोम इथेच आहे. पायलटच्या डाव्या हाताला पॅनलवर यॉ ट्रिमचा, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे किती वळलेलं राहील हे ठरवणारा, एक छोटा नॉब असतो, टेकऑफला तो शून्यावर पाहिजे, आणि तो सापडला उजवीकडे फिरलेला. तपासवाल्यांच्या मते बहुधा कॉकपिटमधले सुटे कागद, चेकलिस्ट वगैरे घासून तो फिरला असावा. म्हणजे बघा, एवढं मोठं जेट, आणि वहीचा कोपरा! विमान जमीन सोडताच उजवीकडे ओढलं गेलं आणि ओळीत उभ्या असलेल्या विमानांवर जाऊन पडलं.

आता 'बहुधा' हा शब्द खाऊन टाकू नका, बातमीत तो हमखास गायब होतो.

विमान का पडलं आणि माणसं इतकी का गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हेही लक्षात ठेवा. दुसऱ्याचं उत्तर कॉकपिटमध्ये नसतं, ते जमिनीवर असतं. तिथे पुढच्या उड्डाणाची तयारी चालू होती, विमानांजवळ माणसं होती, त्यामुळे बेसचा नकाशा शेजारी उघडा ठेवूनच वाचा, रनवे कुठे, पार्किंग कुठे.

'पायलटची चूक' वाचलं की काहीजण रिपोर्ट बंदच करतात, मला याचा फार राग येतो. 24 जून 1994 ला अमेरिकेत फेअरचाइल्ड बेसवर एअरशोच्या सरावात बी-52 हे बॉम्बर विमान पडलं, चौघं गेले. पायलटने खूप कमी उंचीवर फार तिरपं वळण घेतलं हे खरंच, पण तो आधीची तीनेक वर्षं असाच उडवत होता, लोकांनी तक्रारी केल्या आणि वरच्यांनी काणाडोळा केला. म्हणून तारीख जितकी मागे जाईल तितकं मागे जा.

शेवटी शिफारशी घ्या, आणि त्या उलट्या वाचा. 'सुटं सामान नीट अडकवून ठेवा' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर समजा की अपघात होईपर्यंत ते मांडीवर नाहीतर बाजूला कुठेतरी पडलेलं असायचं.