मधुमेह घेऊन अमेरिकेत आलात? आधी नोंदी नीट करून घ्या

जुना आजार घेऊन अमेरिकेत येणाऱ्यांना आधी धीर द्यावासा वाटतो. आजार आधीपासूनचा आहे म्हणून नोकरीतून मिळणारा किंवा सरकारी मार्केटप्लेसवरून घेतलेला इन्शुरन्स तुम्हाला नाकारता येत नाही. अफोर्डेबल केअर ॲक्टमुळे २०१४ पासून ते बंद झालं. भारतातल्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी थांबावं लागतं, ती धास्ती मनात असते म्हणून काही जण इथल्या डॉक्टरांच्या फॉर्मवरही मधुमेह लिहायचं टाळतात. कृपा करून तसं करू नका. मी स्वतः इन्सुलिनवर आहे आणि अनेक वर्षं हे कागद हाताळतो आहे. इथे इन्शुरन्सवाले तुम्हाला बघत नाहीत, तुमच्याबद्दल काय नोंदलंय ते बघतात. नोंद नसेल, तर आजार कितीही खरा असला तरी त्यावरचा खर्च मंजूर होत नाही.

म्हणून निघतानाच तयारी करा. तिथल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत सविस्तर पत्र घ्या: निदान कधी झालं, मधुमेह टाइप १ की टाइप २, इन्सुलिन कधीपासून, कोणतं औषध सोसलं नाही किंवा लागू पडलं नाही. औषधांची नावं ब्रँडची नकोत, जेनेरिक हवीत, कारण तिथले बरेचसे ब्रँड इथल्या डॉक्टरांना ठाऊकच नसतात. एचबीए१सीचे, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचे, जुने रिपोर्टही आणा. 'हे औषध आधी घेऊन झालंय' ही ओळ बिनमहत्त्वाची वाटेल, पण इथे बऱ्याच प्लॅनमध्ये स्वस्त औषध आधी घेऊन बघितल्याशिवाय महागडं मंजूर होत नाही. त्याला स्टेप थेरपी म्हणतात. जुन्या पत्रात ती ओळ असेल तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची वेळ सहसा टळते. औषधं स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात आणि प्रिस्क्रिप्शनसह आणावीत.

आल्या आल्या प्रायमरी केअर डॉक्टरची, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारख्या डॉक्टरची, वेळ घ्या. एंडोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे मधुमेह आणि हार्मोन्सच्या तज्ज्ञाची, वेळ मिळायला कित्येकदा महिने जातात, पण मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन प्रायमरी केअर डॉक्टरही लिहून देतात. आणलेला साठा संपायची वाट बघत बसू नका. एक गोष्ट नवीन माणसाला हमखास गोंधळात टाकते. वर्षातून एकदाची प्रतिबंधात्मक तपासणी फुकट असते, हे खरं. पण त्याच भेटीत साखरेबद्दल बोलणं झालं आणि औषध बदललं, तर त्या भागाचं वेगळं बिल येऊ शकतं. बिल आलं तर ते चुकीचंच असेल असं नाही. भेट ठरवतानाच विचारून घ्या.

आता प्लॅन निवडण्याचं. नोकरीला लागल्यावर निवडीसाठी मोजकी मुदत मिळते, बऱ्याच ठिकाणी महिनाभराचीच. एवढ्या अवधीत शंभर पानं वाचून होत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक प्लॅनचा 'समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज' नावाचा कागद मागा, तो देणं कायद्याने बंधनकारक आहे. शेवटच्या पानांवर तीन नमुना उदाहरणं असतात, त्यांतलं एक टाइप २ मधुमेह असलेल्या 'जो' नावाच्या माणसाचं. वर्षभराच्या नेहमीच्या उपचारात त्याच्या खिशातून किती जातील, हे तिथे मांडलेलं असतं. दोन प्लॅनमधला 'जो' शेजारी शेजारी ठेवून बघा. दर महिन्याचा कमी हप्ता बघून भुललेल्या माणसाला खरा फरक तिथे दिसतो. मग फॉर्म्युलरी, म्हणजे प्लॅनची औषधांची यादी, उघडून तुमचं इन्सुलिन त्यात आहे का आणि कितव्या टिअरला, म्हणजे किमतीच्या कितव्या पायरीला, आहे ते पाहा. मोठ्या डिडक्टिबलचा (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात तुम्ही स्वतः भरायची रक्कम), एचएसए म्हणजे उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं जोडलेला प्लॅन असेल तर आणखी एक प्रश्न एचआरला विचारा. २०१९ पासून अशा प्लॅनना इन्सुलिन, ग्लुकोमीटर, एचबीए१सी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी डिडक्टिबल भरण्याआधीच कव्हर करायची मुभा आहे. ती सक्ती नाही, त्यामुळे तुमच्या प्लॅनने ती घेतलीय का, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

उपचार सुरू झाले की घरी पाकिटं यायला लागतात. 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स', बोलीत ईओबी, हे बिल नसतं. तसं त्यावर छापलेलंही असतं. डॉक्टरांनी किती मागितले, इन्शुरन्सने किती मान्य केले, तुमच्या वाट्याला किती आले, एवढंच त्यात असतं. दवाखान्याचं बिल आलं की ईओबीवरचा तुमच्या वाट्याचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळतो का बघा. जुळेपर्यंत पैसे भरू नका. जुळत नसेल तर बिलिंग ऑफिसला फोन करून तपशीलवार बिल मागा.

नकाराचं पत्र आलं की घाबरायला होतं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. ओळखीतल्या एका काकूंना साखर सतत मोजणारा सेन्सर नामंजूर झाला. कारण दिलं होतं, 'वैद्यकीय गरज दिसत नाही'. काकू दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतात! आम्ही पत्र आणि डॉक्टरांकडून गेलेले कागद समोरासमोर ठेवून बसलो. कागदावर आजाराचा एकच कोड होता, ई११.९, म्हणजे गुंतागुंत नसलेला टाइप २ मधुमेह. दीर्घकाळ इन्सुलिन सुरू असल्याचा झेड७९.४ हा कोड टाकायचा राहून गेला होता. कागद बघणाऱ्याच्या लेखी काकू गोळ्यांवर होत्या. डॉक्टरांच्या ऑफिसने कोड आणि इन्सुलिनची नोंद जोडून कागद पुन्हा पाठवले आणि सेन्सर मंजूर झाला. तेव्हा नकार आला की आधी कोड विचारा. सेन्सर प्लॅनच्या फार्मसीच्या हिश्श्यात येतो की उपकरणांच्या, हेही विचारा. चुकीच्या बाजूने अर्ज गेला तरी नकारच येतो.

कोड बरोबर असूनही नकार आला तर डॉक्टरांना 'पिअर टू पिअर' मागायला सांगा, म्हणजे ते इन्शुरन्सच्या डॉक्टरांशी थेट बोलतात. तेही जमलं नाही तर अपील करा. नकार कळल्यापासून त्यासाठी १८० दिवस मिळतात. तब्येतीला धोका असेल तर तातडीचं अपील मागा, त्यावर ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं. अपीलही फेटाळलं गेलं, तर वैद्यकीय कारणावरून दिलेल्या नकारासाठी बाहेरच्या तटस्थ तपासणीची मागणी चार महिन्यांच्या आत करता येते. कित्येक जण पहिल्याच पत्रावर थांबतात आणि औषध खिशातून घेत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. तो तुमचा हक्क आहे, भीड बाळगू नका.

दर वेळी फोन केला की तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत लिहा. प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे औषध किंवा उपकरण घेण्याआधी लागणारी इन्शुरन्सची मंजुरी, मिळालं की ते कधी संपतं, तेही लिहा. बहुतेक मंजुऱ्यांना मुदत असते आणि ती संपल्याचं फार्मसीच्या काउंटरवर कळतं, तेव्हा घरी इन्सुलिनचं शेवटचं पेन उरलेलं असतं. नूतनीकरणासाठी महिनाभर आधी डॉक्टरांच्या मागे लागा.

नोकरी गेली तरी इन्सुलिन थांबवून चालत नाही. वीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीतून बाहेर पडलात तर कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच इन्शुरन्स १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. हप्ता पूर्ण तुमच्याकडे येतो, वर दोन टक्क्यांपर्यंत खर्च, त्यामुळे तो जड जातो. पण निर्णयासाठी किमान ६० दिवस असतात, आणि त्या मुदतीत होकार देऊन मागचे हप्ते भरले की कव्हरेज खंड न पडता मागच्या तारखेपासून लागू होतं.

आईवडील भेटीला येणार असतील तर मात्र सुरुवातीला दिलेला धीर लागू नाही. व्हिजिटर इन्शुरन्सला जुन्या आजाराचा तो कायदा लागत नाही. बऱ्याच पॉलिसी फक्त जुना आजार अचानक उसळला तर, तेही मर्यादेपुरतंच, पैसे देतात. नेहमीची औषधं आणि तपासण्या त्यात येत नाहीत. त्यांचे रिपोर्ट तिथेच करून घ्या, मुक्काम तीन महिन्यांहून मोठा असेल तर पुढच्या औषधांची सोय निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि पॉलिसी घेण्यापूर्वी वयानुसार मर्यादा किती खाली येते ते वाचा.