‘इंटेलिजिबल’ शब्द वापरताय? मग या चुका टाळा

इंटेलिजिबल म्हणजे समजेल असं, कळण्याजोगं. पण दिसायला तो इंटेलिजंटसारखा, त्यामुळे मुलं सर्रास लिहितात की सरांचं लेक्चर व्हेरी इंटेलिजंट होतं आणि म्हणायचं असतं की लेक्चर नीट कळलं. हुशार असतो तो माणूस, कळतं ते त्याचं बोलणं, हा फरक आधी पक्का करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एलिजिबल, इलेजिबल आणि इंटेलिजिबल या तिघांत. ‘युवर हँडरायटिंग इज नॉट एलिजिबल’ असं लिहिलंत तर अर्थ होतो तुमचं अक्षर पात्र नाही 😄 एलिजिबल म्हणजे पात्र, लेजिबल म्हणजे अक्षर लागतंय असं आणि इलेजिबल म्हणजे न लागणारं. आता डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, 2016 मध्ये मेडिकल कौन्सिलने नियमच केला की औषधाचं नाव लेजिबल लिहा, शक्यतो कॅपिटलमध्ये. समजा चिठ्ठीवर छान टाइप केलंय ‘बीडी, पीसी’, तर ती लेजिबल आहे, अक्षर न् अक्षर वाचता येतंय, पण पेशंटला इंटेलिजिबल नाही, कारण बीडी म्हणजे दिवसातून दोनदा आणि पीसी म्हणजे जेवणानंतर हे त्याला कोण सांगणार? माझ्या मते हे एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुरे.

गंमत म्हणजे तिन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत, लेगेरे, म्हणजे वेचणं, निवडणं आणि पुढे वाचणं. एलिजिबल म्हणजे निवडून काढण्याजोगा. इंटेलिजिबलमध्ये इंटर म्हणजे ‘मध्ये’ जोडलाय, अनेकांमधून नेमकं वेचलं की कळलं, मला तर ही कल्पनाच फार आवडते. म्हणून इंटेलिजंट अधिक एबल अशी फोड करू नका, आख्खा शब्द लॅटिनमधूनच तयार आलाय, इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. आणि हो, आपलं वेचणं आणि वाचणं ऐकायला जवळचं वाटतं म्हणून तेही लेगेरेचेच भाऊबंद समजू नका, वाचणं आलंय संस्कृत वच् वरून.

रेझ्युमेमध्ये ‘कॉम्प्रिहेन्सिबल नॉलेज’ लिहिणारेही खूप आहेत, तिथे कॉम्प्रिहेन्सिव्ह हवं, म्हणजे सर्वांगीण. कॉम्प्रिहेन्सिबल म्हणजे परत समजण्याजोगंच, पण त्याचं मूळ वेगळं, पकडणं या अर्थाचं.

स्पेलिंगमध्ये शेवटी आयबीएलई येतं, एबीएलई नाही. पुढे ‘टू’ लावा, इंटेलिजिबल टू एव्हरीवन. उलट अर्थ करताना मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, अनइंटेलिजिबल, इनकॉम्प्रिहेन्सिबल, इलेजिबल, आणि या इलेजिबलमध्ये सुरुवातीच्या आयनंतर एल दोनदा येतो, तो एक एल गाळू नका.