धंद्याची किंमत मालकाने स्वतः कशी काढावी

धंदा विकायचा असो, मुलीच्या नावे हिस्सा करायचा असो की भागीदाराला मोकळं करायचं असो, मालक माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा उलाढालीचा आकडा घेऊन. उलाढालीवरून धंद्याचा पसारा कळतो, किंमत कळत नाही. उद्या मालक बदलला, तरी देणी भागवून, कर भरून, यंत्रं चालती ठेवून वर्षाकाठी जी रक्कम हातात उरेल, तिच्यावर किंमत ठरते. हा हिशेब मालकाने आधी स्वतः एकदा करावा, असा माझा आग्रह असतो. मूल्यांकनकाराकडे नंतर जायचंच आहे, पण स्वतः केलेला हिशेब हाती असला की त्याच्या अहवालातली प्रत्येक ओळ वाचता येते आणि कुणी भलताच आकडा पुढे केला तर "हा कुठून आला?" असं विचारता येतं.

सुरुवातीला कागदावर दोन गोष्टी लिहा: किंमत कशासाठी हवी आहे आणि कोणत्या तारखेची. वाटणी, विक्री, कर, कर्ज या प्रत्येकासाठी एकाच धंद्याचा आकडा वेगळा निघू शकतो आणि त्यात कुणी लबाडी केलेली नसते. करासाठी साधारणपणे बाजारभाव धरतात. अमेरिकेच्या कर खात्याचा ५९-६० क्रमांकाचा, १९५९ सालचा निर्णय या क्षेत्रात आजही सतत वाचला जातो. त्यातला बाजारभावाचा अर्थ असा: घेणारा राजीखुशीने घेतोय, देणारा राजीखुशीने देतोय, कुणावर सक्ती नाही आणि व्यवहाराशी संबंधित गोष्टी दोघांनाही पुरेशा माहीत आहेत. अशा दोघांमध्ये जो भाव ठरेल तो बाजारभाव. तारखेचं महत्त्वही तेवढंच. त्या दिवशी जे माहीत होतं किंवा माहीत करून घेता आलं असतं, तेवढंच हिशेबात घ्यायचं. पुढे तीन महिन्यांनी मोठा ग्राहक तुटला, हे त्या तारखेच्या किमतीत मागून घुसवायचं नाही.

आता नफा साफ करायचा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाच वर्षांची नफातोटा पत्रकं काढा. वर सांगितलेल्या निर्णयातही शक्यतो पाच किंवा जास्त वर्षं पाहावीत असंच म्हटलंय. एकट्या वर्षावर विसंबू नका, मग ते कितीही चांगलं गेलेलं असो.

खोके बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा हिशेब मांडून दाखवते. आकडे गोल केलेत, चलन कुठलंही धरा. उलाढाल १,०००. व्याज आणि कर जायच्या आधीचा नफा, खात्यात दिसतो तो, १२०. मालक खूश होते. मग एकेक ओळ उघडली. मालक स्वतःचा पगार २० घेत होते. त्यांच्या जागी बाहेरचा व्यवस्थापक बसवला तर ६० द्यावे लागले असते. म्हणजे ४० कमी. कारखान्याची जागा पत्नीच्या नावावर होती आणि भाडं शून्य. रास्त भाडं २४, तेही वजा. घरची गाडी आणि घरचे फोन धंद्याच्या खर्चात घातलेले होते, ते ९ परत मिळवले. त्या वर्षी विम्याचे १५ एकदाच मिळाले होते, ते काढले. एका ग्राहकाने दिवाळं काढल्यामुळे १२ बुडाले होते, तसं पुन्हा होण्याची चिन्हं नव्हती, म्हणून ते मिळवले. उरले ६२.

१२० चे ६२. खात्यात कुठेही खोट नव्हती. फक्त मालकाची अर्धी कमाई त्याच्या स्वतःच्या मजुरीची आणि घरच्या जागेची होती. ती धंद्याची कमाई समजून किंमत सांगितली की घेणारा पहिल्याच बैठकीत उठून जातो. जागेचं भाडं वजा केलं असेल तर जागेची किंमत वेगळी धरायची, ती धंद्याच्या किमतीत विरघळून जाऊ द्यायची नाही. घेणाऱ्याला जागा हवी असेल तर तिचा सौदा निराळा करा.

"एकदाच झालेला खर्च" म्हणून जे जे मिळवाल, त्याकडे मात्र कडक नजरेने बघा. दर दोन वर्षांनी कुठलं ना कुठलं यंत्र मोडतच असेल, तर तो खर्च एकदाचा नाही, नेहमीचाच आहे.

पुढची पायरी पटीची, म्हणजे नफ्याला कितीने गुणून किंमत काढायची याची. "आमच्या धंद्यात साडेतीन पट चालते," असं कुणी म्हणालं की लगेच विचारा: कशाच्या? उलाढालीच्या, घसाऱ्याआधीच्या (यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी खर्चात धरतात तो घसारा) नफ्याच्या, की व्याज आणि कर जाऊन उरलेल्या नफ्याच्या? मालकाचा पगार धरून की न धरता? वरच्या उदाहरणात १२० ला साडेतीनने गुणलं तर ४२० येतात, ६२ ला गुणलं तर २१७. पट तीच, पण किंमत जवळजवळ दुप्पट.

पट आकाशातून पडत नाही, ती काढता येते. ६२ मधून कर १६ गेला, ४६ राहिले. घसारा १४ हा रोख खर्च नाही, तो परत मिळवला. नवी यंत्रं घ्यायला वर्षाला १६ लागतात आणि वाढत्या उधारीत, मालाच्या साठ्यात ४ अडकतात, ते वजा केले. हातात येणारी रोकड ४०. घेणारा अशा जोखमीच्या गुंतवणुकीवर वर्षाला २५ टक्के परतावा मागेल आणि रोकड दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढेल असं धरा. परताव्याच्या २५ मधून वाढीचे ५ वजा केले की २० टक्के उरतात. पुढच्या वर्षीचे ४२ भागिले २० टक्के, म्हणजे २१०. पटीने आलेल्या २१७ च्या जवळ. दोन वाटांनी जवळपास एकच आकडा आला की जरा धीर येतो. दोन्हींत मोठी तफावत असेल तर आधी ती का आहे ते शोधा, मगच पुढे जा. दोन आकड्यांची सरासरी काढून मोकळं होऊ नका.

आता त्याच हिशेबात वाढ ५ ऐवजी ८ टक्के धरून बघा. ४३.२ भागिले १७ टक्के, म्हणजे २५४. वाढ ५ च ठेवली आणि मागितलेला परतावा ३० टक्के केला तर १६८. कारखाना तोच, यंत्रं तीच, फक्त दोन अंदाज हलवले. म्हणून मी मालकाला एकच आकडा कधी देत नाही, पट्टा देते आणि प्रत्येक टोकाच्या खाली ते कुठल्या अंदाजावर उभं आहे ते लिहिते. वाढीचा दर धरताना एक मर्यादा पाळा: कायमची वाढ संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त धरली, तर कागदावर तुमचा धंदा एक दिवस सगळ्या जगाएवढा होतो.

२१० ही झाली अख्ख्या धंद्याची किंमत. त्यातून कर्ज ५० वजा करा, रोजच्या कामाला न लागणारी शिल्लक रोख १० मिळवा, मालकांचे राहतात १७०. ही वजाबाकी विसरल्यामुळे झालेले गैरसमज मी बरेच निस्तरले आहेत. घेणारा २१० म्हणतो, देणारा तेवढे घरी न्यायचे असं समजतो.

ताळेबंदावरून एक पडताळणी जरूर करा. सगळी मालमत्ता आजच्या भावाने मांडा, येणी आणि साठा हात लावून तपासा. सहा महिन्यांहून जुनी उधारी किती वसूल होईल? गोदामाच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलेला माल कुणी घेईल का? देणी वजा करून जे उरेल ते कमाईवरून काढलेल्या किमतीहून जास्त आलं, तर धंदा चालवण्यापेक्षा वस्तू विकून मोकळं होण्यात जास्त पैसा आहे. हे ऐकायला कटू आहे, पण कळायला हवं.

कमाईवरची किंमत मालमत्तेहून जास्त आली, तर मधला फरक म्हणजे गुडविल. ते मोजण्याचं एक जुनं सूत्र दारूबंदीमुळे जन्माला आलं. १९२० साली अमेरिकेत बीअर आणि दारूच्या कारखान्यांचं दारूबंदीने जे गुडविल बुडालं ते मोजायला तिथल्या खजिना खात्याने ते काढलं. १९६८ साली तिथल्याच कर खात्याने सांगितलं की दुसरा चांगला आधार नसेल तरच हे सूत्र वापरा. माझंही मत तेच आहे.

पण गुडविल कुणाचं, हा प्रश्न जास्त मोलाचा. ग्राहक धंद्याकडे येतात की तुमच्याकडे? १९९८ साली अमेरिकेच्या टॅक्स कोर्टात मार्टिन आइस्क्रीम कंपनीचं प्रकरण आलं. सुपरमार्केटच्या मालकांशी असलेले संबंध एका भागधारकाने स्वतः वर्षानुवर्षं जोडले होते आणि कंपनीशी त्याचा नोकरीचा करार नव्हता की स्पर्धा न करण्याचा. ते संबंध त्याचे वैयक्तिक, कंपनीचे नव्हेत, असं कोर्टाने धरलं. त्याच्या करासाठी ते सोयीचं ठरलं असेल, पण धंदा विकणाऱ्यासाठी यात मोठा इशारा आहे. मी मालकाला विचारते: तुम्ही दोन महिने आलाच नाहीत तर भाव कोण ठरवेल, उधारीला नकार कोण देईल, कच्चा माल देणारा कुणाचा फोन उचलेल? तिन्ही उत्तरं "मीच" असतील, तर घेणारा पट उतरवणारच. त्यावर विक्रीच्या दोन-तीन वर्षं आधीपासून काम करा. मोठ्या ग्राहकांच्या भेटींना हाताखालच्या माणसाला सोबत न्या, दर ठरवायची पद्धत लिहून काढा, करार धंद्याच्या नावे करा. किंमत वाढवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

भागीदार असतील तर लेखी करारात किंमत ठरवायची रीत घाला आणि मुख्य म्हणजे ती पाळा. अमेरिकेत सेंट लुईसच्या क्राउन सी सप्लाय या बांधकाम साहित्याच्या कंपनीत दोघे भाऊ भागधारक होते. एकाचा मृत्यू झाल्यावर दुसऱ्याने त्याचे शेअर घ्यावेत, त्याने घेतले नाहीत तर कंपनीने घ्यावेत, असा करार होता. त्यासाठी कंपनीने दोघांचेही ३५ लाख डॉलरचे विमे उतरवले होते. दरवर्षी किंमत ठरवून सह्या करायच्या, असंही करारात होतं. एकाही वर्षी सही झाली नाही. २०१३ साली ७७.१८ टक्के हिस्सा असलेला भाऊ वारला. कंपनीने विम्याच्या पैशातून त्याच्या वारसांना ३० लाख दिले, रीतसर मूल्यांकन न करता. कर खातं म्हणालं, तो विम्याचा पैसाही कंपनीच्या किमतीत धरा. मग ३८.६ लाखांची कंपनी झाली ६८.६ लाखांची, गेलेल्या भावाचा हिस्सा सुमारे ५३ लाखांचा आणि वारसा करात जवळजवळ ८ लाख ९० हजारांची भर पडली. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कर खात्याची बाजू उचलून धरली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत भाऊ-भाऊ किमतीचा विषय टाळतात, हे मी फार जवळून पाहते. कृपा करून टाळू नका. वर्षातून एकदा, ताळेबंद हातात असतानाच, आकडा लिहा आणि दोघांनी सह्या करा.

त्याच करारात आणखी एक ओळ हवी. १७० च्या धंद्यात २५ टक्के हिस्सा म्हणजे ४२.५ असं प्रत्येक वेळी होत नाही. ज्या हिश्श्याने एकही निर्णय फिरवता येत नाही आणि जो बाजारात सहज विकता येत नाही, त्याला बाहेरचा माणूस कमी देतो. तुमच्यात ही सूट धरायची की नाही, ते सगळ्यांचं पटतंय तोवर लिहून ठेवा.

कराचे नियम देशागणिक वेगळे, पण एक गोष्ट सगळीकडे बघावी लागते: तुम्ही शेअर विकताय की मालमत्ता? मालमत्ता विकली तर किंमत यंत्र, साठा, गुडविल अशी विभागली जाते आणि प्रत्येकावर कर निराळा पडू शकतो. घेणाऱ्याला घसारा जास्त मिळेल अशी विभागणी हवी असते, विकणाऱ्याला बहुधा उलटी. म्हणून इरादापत्रावर सही करण्याआधी कर सल्लागाराकडे जा. आकडा ठरल्यावर गेलात तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

स्वतःच्या संपत्तीच्या यादीत धंदा मांडताना पट्ट्याचं खालचं टोक घ्या, त्यातून संभाव्य कर वजा करा आणि बँकेला दिलेल्या वैयक्तिक हमीची रक्कम शेजारी लिहा. उतारवयाचा खर्च त्या यादीतल्या बाकीच्या ओळींवर कितपत भागतो ते बघा. भागत नसेल तर धंद्यातून दरवर्षी थोडा पैसा बाहेर काढून दुसरीकडे लावायला लागा.

मूल्यांकनकार नेमताना त्याची फी ठरावीक रकमेची हवी. निघालेल्या किमतीवर टक्का मागणाऱ्याला नेमू नका. पहिल्या भेटीला पाच वर्षांची पत्रकं, येणी-देण्यांची वयवार (कुठली रक्कम किती दिवसांची जुनी आहे ते दाखवणारी) यादी, जागेचे आणि ग्राहकांचे करार, भागीदारीचा लेख आणि तुम्ही स्वतः साफ केलेल्या नफ्याचा कागद घेऊन जा.