साठीनंतर ऑनलाइन जोडीदार शोधताना या चुका टाळा

पुन्हा कुणावर जीव जडावा असं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. डेटिंग अ‍ॅपवर या वयात पदरी निराशा पडते ती बहुतेकदा एकाच कारणाने: समोरचा माणूस नीट पाहण्याआधीच मन गुंतलेलं असतं. पुढच्या बऱ्याचशा चुका यातूनच होतात.

जुना फोटो, गुळगुळीत ओळख

दहा वर्षांपूर्वीचा फोटो छान असतो, पण पहिल्या भेटीत पाच मिनिटांत विश्वास उडवतो. गेल्या वर्षभरातले चार-पाच फोटो पुरेत. एक चेहऱ्याचा, दिवसा खिडकीसमोर उभं राहून. रोज चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट. एक पूर्ण उभा. एखादा आवडीचं काही करताना. फोन डोळ्यांच्या पातळीवर धरा, खालून काढला तर हनुवटीच मोठी दिसते. घराची पाटी, गाडीचा नंबर, नातवंडांचे चेहरे फोटोत नकोत. दिवंगत जोडीदाराला कापून केलेला फोटो तर मुळीच नको; खांद्यावर उरलेला हात बघणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

‘साधा, प्रेमळ, सगळ्यांशी जमवून घेणारा’ असं लिहिलं की त्यावर समोरच्याने बोलायचं काय? ‘पहाटे साडेपाचला फिरायला जातो, बुद्धिबळात हरलो तरी दुसरा डाव मागतो, फोनपेक्षा समोर बसून बोलायला आवडतं’ या एका ओळीत तीन प्रश्नांना जागा आहे. लग्न हवंय, सोबत हवीय की फक्त मैत्री, तेही स्पष्ट लिहा.

मेसेजच येत नसतील तर आधी सेटिंग तपासा. वयाची मर्यादा फार आवळलेली असते किंवा अंतर अगदी कमी ठेवलेलं असतं. दोन्ही थोडी सैल करा आणि नुसतं ‘हाय’ न पाठवता समोरच्याच्या प्रोफाइलमधल्या एखाद्या गोष्टीबद्दल विचारा.

महिनोन्‌महिने नुसतं लिहीत राहणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. रोज सकाळी ‘झोप लागली का?’ असं विचारणारं कुणी मिळालं की उरलेल्या रिकाम्या जागा आपलंच मन भरतं. आवाज, स्वभाव, हसणं, सगळं आपण कल्पनेने रंगवतो आणि त्या कल्पनेवरच प्रेम करायला लागतो. म्हणून आठवडा-दहा दिवसांत व्हिडिओ कॉल करा. पंधरा मिनिटं पुरतात. तोपर्यंत फोन नंबर देऊ नका, अ‍ॅपमध्येच बोला. तिथे तक्रार करायची सोय असते.

कॅमेरा बिघडलाय, जहाजावर आहे, सैन्यात आहे, नेटवर्क नाही, अशी कारणं दोनदा आली की थांबा. फोटो गूगल लेन्स किंवा टिनआय या, फोटोवरून तोच फोटो इंटरनेटवर शोधणाऱ्या साधनांत टाकून बघा. तोच चेहरा दुसऱ्या नावाने सापडला तर उत्तर मिळालं. काही सापडलं नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही. हल्ली कॉलवरचा चेहराही बनावट असू शकतो. बोलता बोलता चेहऱ्यासमोरून हात फिरवायला, मान पूर्ण वळवायला सांगा. चेहऱ्याची कड थरथरली किंवा ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर सावध व्हा. सगळं जुळलं तरी खात्री प्रत्यक्ष भेटीतच होते.

पैशाचा विषय

न भेटलेल्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत. रक्कम कितीही लहान असो, कारण कितीही हृदय पिळवटणारं असो. पहिली मागणी मुद्दाम किरकोळ असते: एखादं गिफ्ट कार्ड, फोनचा रिचार्ज. मग दवाखाना येतो, विमानाचं तिकीट येतं, कस्टममध्ये अडकलेलं पार्सल येतं. दुसरा प्रकार गुंतवणुकीचा. पैसे मागत नाहीत, उलट ‘मी शिकवतो’ म्हणत क्रिप्टोचं (आभासी चलनाचं) अ‍ॅप दाखवतात. थोडी रक्कम काढूही देतात, कारण त्यानेच विश्वास बसतो. मोठी रक्कम टाकली की ती काढायला आधी ‘कर’ भरा म्हणतात. अ‍ॅपमधला नफा म्हणजे नुसते पडद्यावरचे आकडे असतात.

‘तुमच्या खात्यात पैसे टाकतो, ते पुढे पाठवा’ हेही नाकारा. ते बहुधा दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात आणि चौकशी तुमची होते. ओटीपी किंवा खासगी फोटो देऊ नका, आणि तुमच्या फोनचा स्क्रीन समोरच्याला दाखवणारं अ‍ॅपही घेऊ नका.

पैसे गेलेच असतील तर क्रम पाळा. बँकेने व्यवहार थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते, म्हणून कार्डामागच्या नंबरवर लगेच फोन करा. मग प्रोफाइल, चॅट, फोन नंबर, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या. ब्लॉक त्यानंतर करा, कारण अनेक अ‍ॅपमध्ये जोडणी तुटली की संभाषणही नाहीसं होतं. मग पोलीस आणि अ‍ॅप, दोन्हीकडे तक्रार. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घेतलं असेल तर इंटरनेट बंद करून ते काढा आणि दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, पहिला ईमेलचा. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असा फोन येईल. तीही फसवणूकच. आणि घरच्यांपासून लपवू नका. फसवणारा तुमच्या संकोचावरच विसंबून असतो.

भेट आणि त्यानंतर

पहिली भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, तासाभराची ठेवा. स्वतःच्या वाहनाने जा, स्वतःच परता. मैत्रिणीला किंवा मुलाला ठिकाण सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तासांसाठी देता येतं. ऐकू कमी येत असेल तर शांत जागा निवडा, नाहीतर अर्धी भेट ‘काय म्हणालात?’ यात जाते.

शरीरसंबंधांवर डॉक्टरांशी बोलायला संकोच करू नका. रजोनिवृत्तीनंतर गर्भधारणेची भीती संपते, संसर्गाची नाही. उलट योनीची त्वचा पातळ आणि कोरडी झाल्याने इजा होऊन संसर्ग लवकर होऊ शकतो. कंडोम वापरा, दोघांनीही तपासणी करून घ्या. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिलसारखी (लिंगाच्या ताठरतेसाठीची) गोळी कधीही घेऊ नये, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो. मित्राने दिलेली गोळी तर नकोच.

जोडीदार सापडला किंवा शोध थांबवायचा असेल, तर फोनवरून अ‍ॅप काढून भागत नाही. प्रोफाइल तसंच दिसत राहतं आणि वर्गणीही कापली जात राहते. आधी प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन वर्गणी रद्द करा, मग अ‍ॅपच्या सेटिंगमधून खातं कायमचं हटवा, आणि शेवटी अ‍ॅप काढा.