जपानी ऑफिसातलं 'हाई' आणि आपलं 'हो'

जपानी कंपनीत नव्याने लागलेला मराठी मुलगा व्याकरणात फारसा चुकत नाही, 'हाई'त चुकतो. तुमचं बोलणं चालू असताना समोरचा "हाई, हाई" करत असतो, तो आपला 'हं' आहे. ऐकतोय, एवढाच त्याचा अर्थ. होकार धरून कामाला लागू नका. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: "असं ठरलं असं मी समजलो, चुकलं असेल तर सांगा."

नकार सहसा "केन्तो शिमासु", म्हणजे विचार करतो, किंवा "चोत्तो मुझुकाशी", म्हणजे जरा अवघड आहे, अशा वेषात येतो. "बघू, करू काहीतरी" हे ऐकत वाढलेल्या माणसाला हे कळायला हवं. पण 'अवघड' म्हटलं की आपण बाह्या सरसावतो, रात्री थांबून करतो म्हणतो. तसं करू नका. विषय तिथेच सोडा आणि नंतर त्यांना एकटं गाठून काय बदललं तर चालेल ते विचारा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते उशीर लपवण्याने. तिथे नवख्यांना 'होरेन्सो' शिकवतात: होकोकु, रेनराकु, सोदान, म्हणजे अहवाल देणं, कळवणं, सल्ला घेणं. उच्चार पालकाच्या भाजीच्या जपानी नावासारखाच, म्हणून लक्षात राहतो. शुक्रवारचं काम अडणार हे बुधवारी दिसलं, तर बुधवारीच सांगा: "रिपोर्ट सोमवारी ११ वाजता देता येईल. चाचणीचा डेटा अजून आलेला नाही. पहिले दोन भाग शुक्रवारी देऊ का?" आधी निष्कर्ष, मग कारण, मग पर्याय. "होईल सर" म्हणून गुरुवारची रात्र जागवली आणि काम हुकलं, तर साहेबांचा ग्राहकाला दिलेला शब्दही तुमच्यासोबत बुडतो. चूक झालीच, तर आधी माफी आणि मग कारण. उलट क्रमाने सांगितलं की ती 'इइवाके', म्हणजे सबब ठरते.

वरिष्ठांशी मतभेद असेल तर भर मीटिंगमध्ये खोडून काढू नका. वाद होणार नाही, शांतता पसरेल आणि तुमचा प्रस्ताव तिथेच पडून राहील. त्यासाठी 'नेमावाशी' असते, म्हणजे मीटिंगआधीच एकेकाशी बोलून घेणं. मोठं झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून, काही मुळं छाटून नवी बारीक मुळं फुटू देतात, त्या बागकामाचा हा शब्द. एका पानाचा मसुदा घेऊन एकेकाला दहा मिनिटं भेटा. ज्याचं काम या बदलाने वाढणार आहे, त्याच्याकडे सर्वांत आधी जा. त्याचा आक्षेप त्याच्यासमोरच त्या पानावर लिहून घ्या.