जुन्या चेरोकीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: ऑइल आणि कूलर लाइनच्या या चुका टाळा

१९८७ ते २००१ मधली जीप चेरोकी, ४ लिटर इंजिनवाली ऑटोमॅटिक फोर बाय फोर, ज्यांच्याकडे अजून पळतेय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण त्यातला एडब्ल्यू४ गिअरबॉक्स स्वतःहून सहसा मरत नाही, आपणच मारतो.

पहिला घोळ ऑइलचा. गाडी क्रायस्लरची म्हणून दुकानात सरळ एटीएफ प्लस फोर, म्हणजे क्रायस्लरचं गिअरबॉक्स ऑइल, हातात देतात, पण हा गिअरबॉक्स आयसिनचा, जपानी, याला डेक्स्रॉन थ्री टाइपचंच ऑइल लागतं. आणि ड्रेन प्लग खोलला म्हणजे सगळं बदललं असं नाही हां, साधारण ८ लिटरपैकी जेमतेम अर्धं निघतं, बाकीचं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसून राहतं, त्यामुळे मध्ये थोडी गाडी चालवून दोन-तीनदा काढायचं-भरायचं.

लेव्हल थंड गाडीत बघू नका. वीसेक मिनिटं चालवा, सपाट जागी लावा, इंजिन चालूच ठेवून ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा, पार्कला आणा, मग डिपस्टिक ओढा. जास्त भरलं की फेस होतो, प्रेशर पडतं, गिअर स्लिप व्हायला लागतात आणि लोकांना वाटतं ऑइल कमी पडलंय, म्हणून अजून ओततात!

आता कूलर लाइन, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरमधल्या कूलरपर्यंत नेणारे-आणणारे पाइप. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ, लोखंडी पाइप गंजणारच. मी शहाणपणा केला, गंजका तुकडा कापून तिथे घरात पडलेला साधा पेट्रोलचा होज घातला, पाइपचं टोक सरळ गुळगुळीत, वर एक क्लॅम्प, झालं काम. आठवड्याभरात हायवेवर आरशात धूर दिसला, थांबून वाकून बघतो तर होज निसटलेला आणि लाल तेल एक्झॉस्टवर पडून जळतंय. आग लागली नाही हे नशीब. होज ट्रान्समिशन कूलरसाठीचाच घ्या आणि पाइपच्या टोकाला फ्लेअरिंग टूलने कड उठवून घ्या, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळा, धरत नाही.

रेडिएटरकडचं फिटिंग खोलताना दोन पाने लावा, एकाने टाकीकडची बाजू धरून ठेवायची, नाहीतर टाकीच पिळवटते. तिथल्या क्विक कनेक्टमधून, म्हणजे पाइप नुसता दाबून बसतो त्या जोडातून, नुसतं पाझरत असेल तर बहुतेक आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेलेली असते, काही डॉलरचं काम.

डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ काही दिसलं तर मात्र इंजिन सुरूच करू नका. रेडिएटरमधला कूलर आतून फुटलाय, कूलंट ऑइलमध्ये गेलंय आणि त्याने क्लच प्लेटचं अस्तर सुटतं. गॅरेजपर्यंत टो करूनच न्या.

आणि खाली थेंब नाही तरी लेव्हल उतरतेय? गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी, तिचा फिल प्लग खोलून बघा, दोघांमधलं सील गेलं असेल तर तिकडून भसाभस बाहेर येईल, त्यातही हेच ऑइल असतं त्यामुळे रंगावरून काही कळत नाही.