लांबच्या प्रवासाचे पैसे चवथीत उडू नयेत म्हणून

दोन-तीन महिने भटकायचं ठरवलंय? मग पैसे पगाराच्या खात्यात ठेवू नका. आपल्या गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) आली की माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट), फटाके, पाहुणे यांत साठवलेलं कधी गेलं कळतही नाही. बँकेत वेगळी आरडी (दरमहा ठरावीक हप्ता भरायची ठेव) उघडा, हप्ता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापला जाऊ दे. पोस्टाची आरडी ५ वर्षांची असते, ती या कामाला लांब पडते. बँकेत १२ महिन्यांचीही मिळते. मुदत चवथीनंतर संपेल अशी बेता, कारण मध्येच मोडली तर व्याज कमी हातात पडतं.

रोजचा खर्च किती, हे अंदाजाने धरू नका. आधी एखाद्या जवळच्या गावी चार दिवस राहून चहा-पाण्यासकट लिहून काढा, मग त्याला दिवसांनी गुणा. परतीच्या भाड्याला मात्र हात लावायचा नाही, ते बाजूलाच.

तिकीट? रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मडगावहून जागा नसेल तर थिवी, करमाळीही बघा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून पुढची गाडी लगेचची धरू नका.